पाय मोकळा, जीव अडकलेला

सोपानआबांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बसायचे ते फक्त गाडीत, आणि तिथंही स्वस्थ नाहीच. आमच्या ओट्यावर चहाला आले की कपबशी हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. "आबा, टेका की जरा," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "उबी ऱ्हायली की गाडी गंजती, गुरुजी." आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगमागं गेलं, त्यातलं बरंचसं भोर-वेल्ह्याच्या वळणांवर. निवृत्त झाले ते कागदावर. आता दोघं नवराबायको नाशिकला लेकीकडे असतात आणि आमची गल्ली नको तेवढी शांत झाली आहे.

गल्लीत त्यांची जुनी, एक्सिलरेटरला साधी केबल असलेली पेट्रोल गाडी उभी असायची. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम', आणि पुढच्या काचेत फडकं, कारण सिग्नलला थांबलं की आबांना काहीतरी पुसायला लागायचं.

आबांच्या बायकोचं, कौसावहिनींचं, डायलिसिस सुरू झालं तसं आठवड्यातून दोनदा भोरहून पुणं आलं. आबांनी एका शब्दात सांगून टाकलं, "म्या नेनार." अडचण उजव्या पायाची होती. एक्सिलरेटर दाबून धरला की शिरवळकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत शिरेपर्यंत पायाला मुंग्या, आणि कात्रज येईपर्यंत पाय बधिर. लेकीनं फोनवर सुचवलं, ड्रायव्हर ठेवा. आबांनी फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा तिला. ड्रायवरनं ड्रायवर ठेवायचा? समदा तालुका हितनं तितं न्हेला म्या, आन् घरच्या बाईला परका न्हेनार?"

मी 'बघतो' म्हणून फोन ठेवून दिला. आबांना सांगून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं.

मग कुठल्याशा पाहुण्याच्या नव्या गाडीत त्यांनी क्रूझ कंट्रोल पाहिलं. बटण दाबायचं, पाय काढून घ्यायचा, गाडी आपली धरलेल्या वेगानं चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नसरापूरला रियाजच्या गॅरेजात. "नव्या गाडीत आसतंय, तर जुनीनं काय पाप केलंय?" आबांचा सवाल. रियाज हा गाड्यांची वायरिंग करणारा शांत गडी. त्यानं सांगितलं की बसवता येतं: एक्सिलरेटरची केबल ओढायला छोटी मोटर, वेग कळायला चाकाच्या दांड्याला लोहचुंबक, आणि ब्रेक-क्लचच्या मागं एकेक स्विच. "पर आबा, ध्यानात ठिवा. ब्रेक दाबला नायतर क्लच दाबला, तरच मशीन केबल सोडंल. त्याला तेवढंच कळतंय." आबा "व्हय, व्हय" म्हणत बॉनेटमध्ये डोकं घालून होते. काम होईस्तोवर त्यांनी रियाजला तीनदा उठवून त्याच्या जागी स्वतः वाकून पाहिलं. शेवटी त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मी आबांना उसाचा रस प्यायला नेलं. तो त्यांनी रस्त्यात उभं राहून प्यायला आणि मला ओढत परत आणलं.

वहिनींनी मला सोबतीला घेतलं ते आबांना आवरायला. पहिल्या दिवशी महामार्गावर बटण दाबलं, पाय बाजूला घेतला आणि आबांचे हाल सुरू झाले. पाय मोकळा झाला तसा जीव अडकला. आरसा हलव, काच खाली कर, बटणानं वेग वाढव, परत कमी कर. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "अवो, त्येला चालवू द्या की जरा!"

परतताना नवा बोगदा संपला आणि उतार लागला. उतार दिसला की गिअर काढून गाडी तशीच सोडायची, ही जुन्या ड्रायव्हरांची खोड. तीही क्लचला पाय न लावता, गिअर सैल पडल्याचं तळहाताला कळलं की दांडी हलकेच ओढून. आबांनी सवयीनं तेच केलं. मशीनला ना ब्रेक कळला ना क्लच. उतार संपला, वेग पडला, मशीन बिचारं केबल ओढत सुटलं आणि न्यूट्रलमधलं इंजिन असं किंचाळलं की मी दाराची कडी घट्ट धरली. वहिनी दचकून उठल्या. आबांनी ब्रेक दाबला तेव्हा ते थांबलं. गाडी कडेला घेऊन त्यांनी डॅशबोर्डकडे रागानं बघितलं. "लेका, इचारायचंस तरी!"

"तुमी त्येला सांगितलं व्हतं का?" वहिनी मागून म्हणाल्या.

ती खोड मात्र आबांनी सोडली. चाळीस वर्षांची सवय मोडताना माणसाला किती त्रास होतो ते मी शेजारी बसून पाहिलं. उतार आला की डावा हात दांडीकडे जाई, आणि आबा तो ओढून मांडीखाली दाबून धरत. मला हसू येई आणि लगेच भरूनही येई. काही महिने ठीक गेले. पायाला आराम होता. बायकोला मीच नेतोय, ही ऐट चालण्यात दिसत होती.

मग एका दुपारी परतताना, शिवऱ्याजवळ, कडेच्या ढाब्यावरून एक टेम्पो न बघता रस्त्यावर आला. आबांनी पाय उचलला. म्हणजे उचलायला गेले. तो ब्रेकवर यायला उशीर लागला. गाडी टेम्पोच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. टेम्पोवाला निघूनही गेला, त्याला पत्ताही नव्हता. कुणाला ओरखडा नाही.

आबांनी गाडी कडेला घेतली.  उजवी मांडी चोळत म्हणाले, "ग्यास मशीन देतंय, गुरुजी. बिरेक कोन देनार?"

मी म्हटलं, चुकून झालं, होतं असं.

"चुकून न्हाई. पाय आलाच न्हाई." मागं वळून त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या सुया टोचलेल्या दंडाला बांधलेली पट्टी सारखी करत राहिल्या. आबा उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि किल्ली पुढं केली. "घ्या. तुमी चालवा."

माझं चालवणं त्यांना ठाऊक होतं, तरी दिली. मी स्टिअरिंगमागं जाऊन बसलो. ते पुढं बसतील असं मला वाटलं होतं, पण मागचं दार उघडून ते वहिनींच्या शेजारी शिरले. इतक्या वर्षांत त्या गाडीत मागं बसण्याची त्यांची पहिलीच वेळ. अंग चोरून, पाहुण्यासारखे बसले. हात कधी गुडघ्यावर, कधी पुढच्या सीटवर, कधी दाराच्या कडीवर.

"आता हातात काय धरू गं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"ह्यो धरा," वहिनी म्हणाल्या. मग लगेच, "आवो त्यो न्हाई, त्यो सुयांचा हाय. ह्यो."

मी क्रूझचं बटण दाबलं नाही. ट्रक हॉर्न देत बाजूनं जात राहिले आणि मी गाडी भोरपर्यंत सावकाश आणली.