रांगेतला एकटा अनवाणी

तहसील कचेरीच्या मागच्या आवारात सात माणसं रांगेत उभी होती. ओळख परेड सुरू व्हायची होती. म्हणजे संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या लोकांत उभं करायचं आणि साक्षीदाराला त्यातून ओळखायला सांगायचं. बाकीच्यांना आम्ही वकील डमी म्हणतो. परेड नायब तहसीलदार घेतात. मी जमिनीच्या एका कामासाठी कचेरीत आलो होतो. सहज माझी नजर खाली गेली. सहा जणांच्या पायात चपला होत्या. सातवा अनवाणी होता.

"हा अनवाणी का?" मी ओळखीच्या हवालदाराला विचारलं.

"लॉकअपमधून आणलाय, वकीलसाहेब. आमच्याकडं चपला दारात काढूनच आत जावं लागतं. देवळासारखं." तो स्वतःच हसला.

"आणि डमी?"

"ते बसस्टँडवरून आणले. त्यांच्या कशाला काढायच्या?"

मी नायब तहसीलदारांना सांगितलं. भले गृहस्थ होते, त्यांनी लगेच सगळ्यांना चपला काढायला लावल्या. पण माझं काम तिथेच राहिलं. मला भानुदास आठवला होता.

भानुदास कुंभार पिंपळगावचा. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका गोडाऊनवर हमाली करायचा. एका संध्याकाळी तिथल्या वॉचमनचा खून झाला. दोघांचं आधी भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी भानुदासला धरलं. वॉचमनची बायको सुभद्राबाई त्याच दिवशी गावाहून आली होती. तिने एकाला पळताना पाहिलं होतं. परेडीत तिने भानुदासच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मठेप लागली.

त्याचा वकील मी होतो. उलटतपासणीत मी सुभद्राबाईंना अंधार किती, अंतर किती, असं विचारून हैराण केलं. शेवटी म्हणालो, "तुम्ही पोलिसांनी पढवलेलं बोलताय." नुकताच नवरा गेलेली बाई भर कोर्टात रडली. तिचं रडणं आणि भानुदासचा तुरुंगवास, दोन्ही माझ्या खात्यावर आहेत. अपील हायकोर्टात वर्षानुवर्षं पडून होतं आणि तो आत होता.

कचेरीतल्या त्या परेडीनंतर मी जेलमध्ये जाऊन त्याला भेटलो.

"परेडीच्या दिवशी तुझ्या पायात काय होतं?"

"काय असणार? लॉकअपातून आणल्तं. अनवाणीच."

"आणि बाकीचे?"

"त्यांच्या पायात होत्या चपला."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"जिवावर बेतल्तं, साहेब. चपलांचं कोण बोलत बसतंय?"

अपिलात सहसा नवा पुरावा घेत नाहीत. पण हायकोर्टाला गरज वाटली, तर साक्षीदाराला पुन्हा तपासण्याचा आदेश देता येतो. त्यात धोका मोठा होता. बाईंना मी आधी भेटलो असतो, तर साक्षीदार फितवला असं झालं असतं. म्हणजे उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोर्टात विचारायचा. आमच्या धंद्यात हे कोणी करत नाही.

"ती म्हणाली की चेहराच ओळखला, तर अपील संपलं," मी भानुदासला स्पष्ट सांगितलं.

तो म्हणाला, "इचारा. ती बाई खोटं बोलायची न्हाई. तेव्हाबी बोलली नव्हती."

जिने खांद्यावर हात ठेवल्यामुळे तो आत गेला होता, तिच्यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मी अर्ज केला. हायकोर्टाने तो मंजूर करून साक्ष खालच्या कोर्टात घ्यायला सांगितली. सुभद्राबाई पुन्हा जालन्याच्या कोर्टात आल्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून म्हणाल्या, "आज पुन्हा रडवता का काय?"

"नाही, बाई. एकच विचारतो. परेडीत ह्याला तुम्ही कशावरून ओळखलं?"

सरकारी वकील उठले. जजसाहेबांनी त्यांना हातानेच बसवलं. "सांगा, बाई."

"आधी तोंडं पाह्यली. सगळी सारखीच वाटली. मंग खाली पाह्यलं. ह्यो एकटाच अनवाणी. म्हटलं, पोलिसांनी धरून आणलेला ह्योच."

"चेहऱ्यावरून ओळखलं का?"

"न्हाई, साहेब. पळताना तोंड कुठं नीट दिसलं होतं?"

मग त्यांनीच जजसाहेबांना विचारलं, "ह्यो नसंल, तर मंग माझ्या नवऱ्याला मारलं कोणी?"

खरा खुनी आजवर सापडलेला नाही.

हायकोर्टाने भानुदासला निर्दोष सोडलं. त्या ओळखीपलीकडे त्याच्याविरुद्ध भांडणाशिवाय काही उरलं नव्हतं. आत गेला तेव्हा तो तरुण होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या भावाने त्याला एसटीत चढताना हात दिला.

साक्षीदाराला खोटं कसं पाडायचं, हे मी सिनियरांकडून पहिल्याच वर्षी शिकलो होतो. खरं बोलणारा माणूसही चुकतो, आणि का चुकला हे त्याला साधेपणाने विचारलं तर तो सांगतो, हे मला फार उशिरा कळलं. त्या शिकवणीची फी भानुदासने भरली.