सूपभर मिलो आणि भूपातला मध्यम

मंडळी, आज दुपारी जुनी पेटी दुरुस्त होऊन घरी आली. सहज भूप वाजवायला बसले आणि बोट नेमकं मध्यमावर पडलं.

"त्यात म न्हाई," पलंगावरून आई म्हणाली. "मास्तर किती येळा सांगायचे तुला."

आई आता सत्त्याऐंशीची आहे. तिनं पेटीला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावला मास्तर मला पेटी शिकवायला घरी यायचे. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा. आई तो आतल्या दाराशी निवडत बसायची. शिकवणी तासभर चालायची आणि तासात तिचं एकच सूप व्हायचं. मला वाटायचं, आईला कामाचा उरकच नाही. पुढं कंटाळून मी शिकवणी सोडली.

आज विचारलं, "तुला शिकायचं होतं का गं?"

"तवा कुनी इचारलंच न्हाई."

मी पेटी तिच्यापुढं ठेवली आणि भाता धरला. तिनं आधी पदराला हात पुसले. मग एका बोटानं सा, रे, ग वाजवलं आणि म सोडून सरळ प वर गेली.

तुमच्या शिकवणीला दाराआड कोण बसायचं?