अकरा नंबरचा फलक

लालबागच्या आमच्या चाळीच्या गणपतीला त्या वर्षी जगातल्या देशांनी मिळून ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या सतरा ध्येयांचा देखावा करायचं खूळ माझंच. मी लोअर परळच्या एका ऑफिसात काम करते. तिथले साहेबलोक त्या सतरा रंगांच्या चक्राचा बिल्ला कोटाला लावून मिरवतात. मंडळाची पोरं म्हणाली, "भारी आहे ताई, बक्षीस फिक्स!" फलकांचा मजकूर मीच लिहिला. मूळचा फार बोजड, म्हणून सोपा करत गेले. अकरावं ध्येय शहरांचं. त्यावर लिहिलं, '२०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित घर.' त्या वाक्यावर मी केवढी खूश होते!

तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या काकूंच्या भिंतीला तेव्हा तडा गेला होता. पाहणीला आलेल्या इंजिनीअरने बाहेरच्या अंगाने तड्यावर काचेची पट्टी चिकटवली आणि बजावलं, काच फुटली तर भिंत हलतेय असं समजा, त्याच क्षणी बाहेर पडा. काकूंनी बोचकं बांधून ठेवलं होतं. विसर्जन झालं की डोंबिवलीला बहिणीकडे जायचं. जीव मात्र खोलीत अडकलेला. ताबा सोडला की खोली गेली, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं.

तडा वाईट दिसतो म्हणून पोरांनी अकरावा फलक नेमका त्याच्यावर ठोकला. प्रत्येक खिळ्यासरशी चुन्याचे पोपडे गळत होते. मी शेजारीच उभी होते. "जरा हळू रे," एवढंच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी काकूंनी बोचकं सोडलं. चाळीत साल लिहिलेला फलक लागतो तो पुनर्विकासाचाच. त्यांनी हाही तसाच वाचला. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "घर मेळतलां मां? मगे मी कित्याक जाऊ? आता ताबो सोडूचो नाय." खरं काय ते तिथेच सांगायला हवं होतं. पण त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझ्यामुळां झालां गो." ऑफिसात माझं लिहिलेलं कुणी धड वाचतही नाही, इथे एक बाई ते वाचून सुखावली होती. मी हसून जिना चढून गेले. आजही त्याची लाज वाटते.

सातव्या दिवशी दुपारी फलक कललेला दिसला. सरळ करायला गेले, तर मागे काचेचे दोन तुकडे. तड्यात माझं बोट पेरभर आत गेलं आणि आतून भाताची वाफ बोटाला लागली.

मी धावत आत गेले. साडेबाराची पंगत बसली होती, आसपासच्या दुकानांतली आणि ऑफिसांतली दहाबारा माणसं. "काकू, तो नुसता देखावा आहे हो! कुणी घर देत नाहीये. काच फुटलीय, उठा सगळे!"

"भात तरी होऊ दे ताई," एकजण न बघताच म्हणाला.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या. "गणपतीच्या पुढ्यात कोण खोटां लिवता काय गो? बस, दोन घास खा."

त्यांनी माझ्यासाठी ताट वाढलं. माणसं त्याच भिंतीला पाठ टेकून जेवत होती, मधेच कुणीतरी आमटी मागत होतं. पुन्हा ओरडायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.

मी ताट उचललं आणि त्या भिंतीपासून लांब, दाराशी जाऊन बसले.