पास्कूच्या आयचं नाव

बहारीनच्या एका हॉटेलात बँक्वेटचं, म्हणजे मेजवान्यांचं, काम पाहणारा वसईचा कामिल माणसांची नावं कधी विसरत नसे. एकदा येऊन गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा आला, की कामिल त्याच्या मुलाबाळांचीही नावं घेऊन चौकशी करायचा. असा हा गडी अडला तो थेट अलास्कात.

लेक शर्लिन तिकडे शिकते. ती बहारीनच्याच गुदैबिया भागात वाढलेली. बापाचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून. बायको ब्रिजिट वारल्यावर कामिलशी मराठीत बोलणारं घरात कुणी उरलं नाही. एकटेपणा खायला उठला तसा तो रजा टाकून लेकीकडे गेला. पोरीने त्याला बोटीने त्लिंगित लोकांच्या एका आडगावात नेलं. हे तिथले मूळ रहिवासी. शर्लिन त्यांची भाषा शिकत होती आणि तिथल्या म्हाताऱ्यांशी चुरूचुरू बोलतही होती. कामिलला कौतुक वाटलं, आणि बापाशी मात्र ही इंग्रजीतच बोलते याचं वाईटही.

त्या गावचा रिवाज असा, की पाहुण्याने सभेत उभं राहून आपल्या भाषेत ओळख सांगायची, तीही आईच्या बाजूने: आई, आजी, पणजी. प्रत्येक नावाला सभा हुंकार देते. शर्लिनने इंग्रजीतच सुरुवात केली. आई ब्रिजिट झाली, आजी रोझी झाली, आणि पणजीपाशी गाडी अडली. तिने बापाकडे पाहिलं. बापाला तरी कुठे ठाऊक! वसईत रोझीच्या आईला सगळे 'पास्कूची आय' म्हणत, थोरल्या मुलाच्या नावाने. सभा वाट पाहत राहिली. मग एक म्हातारी समजुतीने हसली आणि शर्लिन मान खाली घालून बसली.

परतल्यावर कामिलने त्या नावाचा ध्यासच घेतला. विचारायला ब्रिजिट नव्हती, रोझी नव्हती, पास्कूही नव्हता. ड्युटीवरून आला की तो वसईला फोन लावायचा. जो तो 'पास्कूची आय' म्हणून मोकळा. शेवटी रोझीच्या शेजारच्या एलिसकाकींना आठवलं.

"ती गेली ना, तवा तिची बहीण गळा काढून रडली. 'इजाबेल गो, माझी इजाबेल!' तेवढंच एकदा ऐकलं, बाबा."

बाई गेली तेव्हा कुठे तिचं नाव लोकांच्या कानावर पडलं! कामिलला भडभडून आलं. त्याने लगेच ते शर्लिनला कळवलं.

काही आठवड्यांनी तिचा व्हिडिओ आला. शुक्रवारची सुट्टी होती. खाली चहावाल्याकडे ही गर्दी, आणि वर फ्लॅटमध्ये तो एकटा. शर्लिन त्याच सभेत उभी होती. अडखळत, पण मराठीत म्हणाली, "मी शर्लिन. ब्रिजिटची लेक. रोझीची नात. इजाबेलची पणती."

प्रत्येक नावाला सभेने हुंकार दिला. कामिलनेही दिला, रिकाम्या खोलीत.

मग कॅमेऱ्याजवळ येऊन पोरगी म्हणाली, "पपा, वॉज इट ओके?"

"बेस बोललीस, बाय," तो फोनला म्हणाला. व्हिडिओ तोवर संपला होता.