क गटाचं मस्टर

कारखान्यात तिला सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे. मागं नाही, तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. दोऱ्याच्या रिळांचा कारखाना, आणि त्यात पॅकिंग खातं. खोक्यात रिळं भरायची, झाकण दाबायचं, खोकं पुढं ढकलायचं. ह्या कामाला हात लागतात, डोकं लागत नाही. मग रिकामं डोकं हुंदडायला मोकळं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात धरून ती खात्याखात्यातून फिरायची. रंगवाल्यांना विचारायची, लाल आधी बुडवता का निळा? बॉयलरवाल्याला विचारायची, तुला उन्हाळ्यात जास्त पगार मिळतो का रे? मुकादम वैतागून म्हणायचा, “बाई, तू रिळं भरतेस का लोकांचे कान भरतेस?”

“दोन्हीला पगार एकच मिळतोय ना? मग तुमचं काय जातंय?” ती म्हणायची.

नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा तिनं त्या रिळांवरच वाढवला. तो शिकला, विम्याच्या कंपनीत लागला, आणि जगात माणसाचं काय काय वाईट होऊ शकतं ह्याचं सगळं ज्ञान त्याला तिथं मिळालं. ती निवृत्त झाल्यापासून त्यानं धोशा लावला होता: आई, त्या दोन खोल्या सोड आणि आमच्याकडं ये. तिला खोल्या सोडायच्या नव्हत्या. खाली चावीवाला, समोर छापखाना, कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा. एवढं सगळं बघायला असताना मुलाच्या नवव्या मजल्यावर जाऊन ती बघणार काय? ढग?

पण मुलाच्या हातात पुरावे होते. एकदा फर्निचरच्या मोठ्या दुकानातून ती गायब झाली, ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या मागं थेट गच्चीवरच्या यंत्रखोलीत सापडली. एकदा जावेला भेटायला म्हणून इस्पितळात गेली आणि भेटायची वेळ संपेपर्यंत तळघरात भांडी धुण्याच्या यंत्रापुढं उभी राहिली. मुलानं लाउडस्पीकरवरून नाव पुकारायला लावलं होतं. त्याचा राग तिच्या मनात अजून होता.

“तू हरवतेस, आई.”

“मी हरवत नाही. मला माहीत असतं मी कुठं आहे. तुम्हाला माहीत नसतं.”

ह्या असल्या वादाची शेंडी कुणाच्याच हातात यायची नाही. शेवटी जहाजाच्या सहलीच्या दिवशी ती आली.

सहल सुनेनं काढली होती. सात दिवस, चौघं: मुलगा, सून, नात आणि ती. बंदरावरची इमारत म्हणजे विमानतळाचं आणि गोदामाचं लग्न लावून दिल्यासारखी होती. वर काचा आणि थंड हवा, खाली लोखंडी ढकलगाड्या आणि आरडाओरडा. बॅगांना कागदी पट्ट्या लावून त्या एका माणसाच्या हवाली करायच्या होत्या. तिनं त्याला लगेच गाठलं.

“एवढ्या बॅगा. कुठली कुणाची, तुम्हाला कसं कळतं हो?”

“पट्टीवर खोलीचा नंबर असतो, मावशी.”

“आणि पट्टी फाटली तर?”

“आई, चल,” मुलगा म्हणाला. मागं रांग तुंबली होती.

पुढं लाकडी सुकाणू धरून फोटो काढायची सोय होती. सगळ्यांनी दात दाखवले. तिनं सुकाणू फिरवून बघितलं. ते फिरलं नाही, खिळे मारलेले होते. “खोटं आहे,” तिनं नातीला सांगितलं. नातीनंही फिरवून बघितलं. मुलगा म्हणाला, “झालं, आता दोन झाल्या.”

जहाजात शिरायच्या आधी त्यानं तिला बाजूला घेतलं. प्रत्येकाला एक कार्ड मिळालं होतं. ते त्यानं पट्ट्यात अडकवून तिच्या गळ्यात घालायला घेतलं. तिनं ते पट्ट्यातून काढून खिशात टाकलं.

“गळ्यात पट्टा नको. मी काय पाळलेली आहे?”

“बरं. मग ऐक. आत्तापासून चार वाजेपर्यंत तू मोकळी. काय बघायचं ते बघ, कुणाला काय विचारायचं ते विचार. पण चारला मस्टर आहे. मस्टरला एकटी, आपणहून हजर झालीस, तर खोल्यांचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही झालीस, किंवा कुणी हाताला धरून आणून सोडलं, तर घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे घरमालकाला चावी.”

“शब्द?”

“शब्द.”

सून मध्येच म्हणाली, “अहो, जहाज बघा केवढं आहे. त्यांना जरा समजावून तरी—”

“कार्डावर सगळं लिहिलंय,” मुलगा म्हणाला.

लिहिलं होतंच. तिनं चष्मा लावून वाचलं: मस्टर - क. आणि तिला हसूच आलं. जन्मभर तिनं सही केली ती क गटाच्याच मस्टरवर. कारखान्याच्या फाटकापाशी टाइम ऑफिस, त्याच्या खिडकीत अ, ब, क अशी तीन जाडजूड मस्टरं, दोरीला बांधलेलं पेन. भोंगा व्हायच्या आत सही झाली नाही, की लेटमार्क. मस्टर कुणाला शिकवता?

मग ती फिरली. काचेच्या लिफ्टमधून वर गेली, खाली आली. पोहण्याच्या हौदातलं पाणी चाखलं, खारट होतं. एका वाद्यवाल्याला पियानोचं पोट उघडून दाखवायला लावलं. चार वाजत आले तशी ती कामाला लागली. मस्टर फाटकापाशी असतं. जहाजाचं फाटक म्हणजे जिथून आत आलो ते दार, आणि ते तर खालच्या अंगाला. एक माणूस टॉवेलांची चळत घेऊन घाईघाईनं चालला होता.

“अहो दादा, हजेरीचं मस्टर कुठं असतं?”

त्यानं चळतीच्या बाजूनं मान काढून तिच्याकडं बघितलं. राखाडी कपडे, पायात कारखान्याचे जाड तळव्याचे बूट, गळ्यात कार्ड नाही. “नवीन का? लाँड्रीला?”

“पॅकिंग,” ती सवयीनं म्हणाली.

“एकच की ते. ह्या दारातनं खाली जा. उशीर करू नका, ती बाई लई कडक आहे.”

कडक आहे म्हटल्यावर तिची खात्रीच पटली. टाइमकीपरच ती.

दाराच्या ह्या बाजूला पाय रुतेल असा गालिचा, भिंतीला लाकूड, सोनेरी दिवे. त्या बाजूला पाऊल पडलं आणि सगळा थाट संपला. रंग दिलेलं लोखंड, डोक्यावरून गेलेल्या उघड्या नळ्या, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, भिंतीला गाड्या घासून पडलेले ओरखडे. साबणाचा आणि तेलाचा मिसळलेला वास. अरे, तिला वाटलं, हे तर आमचंच!

वरचं जहाज तिला आवडलं होतं, पण पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या कपबशीसारखं. हे खालचं मात्र कसं चालतं ते दिसत होतं. लाँड्रीच्या उघड्या दारापाशी तिचे पाय थबकले. एक भलंमोठं यंत्र ओली चादर गिळत होतं आणि पलीकडून कडक, वाफाळती, घडी घातलेली चादर बाहेर टाकत होतं. दोघं जण ती झेलत होते.

“चादरीवर डाग राहिला तर हो?” तिनं ओरडून विचारलं.

“तर तिची फडकी करायची!” एक जण ओरडला.

“आणि फडक्यांना डाग पडला तर?”

“तर कळायचं, की मावशी आज नवीन आहेत!”

ती पोटभर हसली. आणखी चार चादरी बघितल्या. मग एकदम आठवण झाली आणि ती धावतच निघाली.

बोगद्यासारख्या त्या वाटेच्या टोकाला जाळीची खिडकी होती. आत कपाळावर चष्मा सरकवलेली एक बाई. तिच्यापुढं मस्टर! दोरीला बांधलेलं पेनसुद्धा! आपलं माणूस भेटावं तसं तिला झालं.

“खातं?” टाइमकीपर बाईनं मान वर न करता विचारलं.

“पॅकिंग.”

“आमच्यात पॅकिंग खातं नाही. कुणाकडून आलात?”

“मुलाकडून.”

आता मान वर झाली. “कुणाच्या?”

“माझ्या. अहो, क गटाचं मस्टर द्या पटकन. चार वाजले बघा. सही करते नि जाते.” तिनं खिशातलं कार्ड जाळीतून सरकवलं.

टाइमकीपर बाईनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. कार्ड बघितलं, तिच्याकडं बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. “अहो बाई, हे तर प्रवाशाचं कार्ड! तुम्हाला खाली सोडलं कुणी?”

आणि तेवढ्यात भोंगा झाला. आधी तुटक तुटक, मग एकच लांबलचक. सगळं लोखंड त्यानं थरारलं.

“भोंगा झाला! माझा लेटमार्क!”

“लेटमार्क कसला? मस्टर म्हणजे ही वही नव्हे. ही आमची, कामगारांची. तुमचं मस्टर म्हणजे जागा. उद्या जहाजाला काही झालं, तर तुम्ही कुठं उभं राहायचं ती जागा. क म्हणजे वर, होड्या टांगल्यात तिथं.”

“आणि सही कुठं करायची?”

“सही नाही. तुम्ही उभ्या दिसलात की झालं.”

हे तिला फारच नवलाचं वाटलं. दुसरी वेळ असती तर तिनं ह्यावर दहा प्रश्न काढले असते. पण टाइमकीपर बाईनं फोन उचलला होता. “थांबा, माणूस देते बरोबर. तो नेऊन पोचवेल.”

“माणूस नको!” ती जाळीला धरून ओरडली. “हात जोडते. पोचवायला माणूस आला की माझ्या खोल्या गेल्या!” आणि उभ्या उभ्या सगळी पैज सांगून टाकली.

“तुमच्या खोल्यांचं मला कळतंय. पण प्रवाशाला इथं एकटं सोडणं माझ्या नियमात बसत नाही.”

“तुमचा नियम कुठपर्यंत?”

टाइमकीपर बाईनं फोन खाली ठेवला. हे तिला कुणी विचारलं नसावं. “आमच्या दारापर्यंत,” ती म्हणाली.

“मग दारापर्यंत चला. पुढं मी विचारत जाईन.”

दाराशी आल्यावर टाइमकीपर बाईनं कार्ड परत दिलं, वर जाणारा जिना बोटानं दाखवला आणि दार लावून घेतलं. पुढं ती खरंच विचारत गेली. वेटरला विचारलं, जिना पुसणाऱ्याला विचारलं, उलट्या बाजूला निघालेल्या एका जोडप्याला विचारलं. ते बिचारे स्वतःच चुकले होते, त्यांनाही बरोबर घेतलं.

क ची सगळी माणसं भिंतीला ओळीनं उभी होती, आणि सगळ्यांची तोंडं आंबली होती. नारिंगी टोपी घातलेली मुलगी खोल्यांचे नंबर वाचत होती.

“आल्या! आई आल्या!” सून ओरडली.

एक टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, “आता निघायचं का मग?”

“निघा की. मी काय दोर धरून ठेवलाय?” ती म्हणाली आणि ओळीत उभी राहिली. “मी हजर. एकटी आले. ह्या जोडप्याला मी आणलंय, मला कुणी आणलेलं नाही. विचारा.”

“तुम्ही हजर,” टोपीवाली म्हणाली, “पण तुमच्या खोलीशेजारचे, तुमचे चिरंजीव?”

सून हळूच म्हणाली, “ते तुम्हाला शोधायला गेलेत. जाऊ नका म्हणून ही मुलगी सांगत होती. ऐकलं नाही.”

मग सगळे थांबले. डोक्यावर नारिंगी होड्या टांगलेल्या होत्या, त्यांचे दोर, कप्प्या, कड्या, सगळं उघड्यावर. नातीनं दोनदा विचारलं, “आजी, ही होडी खाली कशी सोडतात?” तिनं वर बघितलंच नाही. ती जिन्याच्या दाराकडं बघत होती. दार उघडायचं आणि भलताच कुणीतरी यायचा. प्रत्येक वेळी ती एक पाऊल पुढं टाकायची आणि पुन्हा ओळीत यायची. हे काय होतंय, तिला कळेना.

तो आला तेव्हा घामानं थबथबला होता. चेहरा उतरलेला. ती दिसताच तो जागच्या जागी उभा राहिला. टोपीवालीनं खूण केली, सूचना झाल्या, लोक सुटले.

“त्या एकट्या आल्यात,” सून म्हणाली. “उशिरा आल्या. पण उशिराचं तुमचं काही ठरलं नव्हतं.” आणि शहाणी बाई, लेकीला घेऊन बाजूला झाली.

दोघं कठड्याशी उभी राहिली. जगातल्या यच्चयावत माणसांना तिनं यच्चयावत प्रश्न विचारले होते. हा एक तेवढा राहिला होता.

“तुला नक्की कसली भीती वाटते रे?”

त्यानं बाहीनं तोंडावरचा घाम पुसला. “तुला दुसरी पाळी असली की मी खाली जिन्यात बसायचो. कारखान्यातल्या सगळ्या बायका यायच्या. तू नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, येईल रे, कुठंतरी बघत उभी असेल. मला वाटायचं, एक दिवस तुला असं काहीतरी सापडेल की तू बघतच राहशील. येणारच नाहीस.”

“पण आले ना रोज?”

“आलीस. पण ते मला रोज तू आल्यावरच कळायचं.”

आत्ता ओळीत उभं राहून दाराकडं बघताना जे झालं होतं, ते ह्यानं किती वर्षं काढलं असेल? तिनं त्याच्या पाठीला चिकटलेला ओला सदरा हातानं सोडवला, लहानपणी सोडवायची तसा.

“खोल्या ठेव,” तो म्हणाला. “शब्द दिलाय. पण घरी पोचलीस की फोन कर. पोचल्या पोचल्या, बूट काढायच्या आधी.”

“आणि वाटेत कुठं थांबले तर?”

“तर तिथून कर. काय बघतेयस ते सांग.”

“कंटाळशील.”

“कंटाळीन. तरी सांग.”

मग तिनं सांगायला सुरुवात केली: लोखंडाची वाट, चादर गिळणारं यंत्र, जाळीतली ती कडक बाई आणि तिचा दारापर्यंतचा नियम. तो आधी नुसता हुंकार देत होता, मग हसला, मग म्हणाला, “थांब, ती वही खरंच तुझ्यापुढं ठेवली होती तिनं?” आणि ती हातवारे करून सांगत राहिली. बोलता बोलता त्याचं लक्ष खाली गेलं. धक्का आणि जहाज ह्यांच्यामध्ये पाण्याचा रुंद पट्टा पडला होता.

“हे कधी सुटलं?” त्यानं विचारलं.

तिला सांगता आलं नाही. तिनं पाहिलंच नव्हतं.