दोन जावा आणि पुराची दोरी

'कोकणात तीन दिवस, नदीकाठी मुक्काम, घरगुती जेवण.' माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, सुमनवहिनींनी, जाहिरातीतलं एवढंच वाचलं आणि आमच्या दोघींची नावं देऊन टाकली. त्याच्या वर मोठ्या अक्षरांत 'पुरातून काठावरून बचाव करण्याचं प्रशिक्षण' असं होतं, ती त्यांना नक्षी वाटली म्हणे. मला हे उंब्रजला कळलं. गाडी पाटणच्या रस्त्याला वळवली आणि मेसेज आला, 'हेल्मेटचा साइज कळवा.'

"वहिनी, हेल्मेट कशाला?"

"घाट आहे ना," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी एकोणपन्नासची, वहिनी अठ्ठावन्नच्या. लहानपणी विहिरीच्या पायरीवरून घसरल्यापासून मी पाण्याला बादलीपुरतीच ओळखते. परत फिरायचं मनात आलं होतं, पण तोवर कुंभार्ली घाट सुरू झाला आणि धुक्यात गाडी वळवायची माझी हिंमत झाली नाही. अशी मी शूर.

पुण्याहून सहाला निघालात तर एकच्या सुमारास संगमेश्वरला पोचाल. चिपळूणच्या पुढे रस्त्याचं काम चालू असतं, तासभर जास्तीचा धरा. तिथून आत एका वाडीत, शेवंताकाकूंच्या घरी आमची सोय होती. जेवायला टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी, सुका बांगडा. वहिनींनी भाताची तिसरी वाढ घेतली तेव्हा काकू म्हणाल्या, "जेवा वो, पान्यात जोर लागतो." मी हातातला घास ताटात परत ठेवला.

पण शिकवणारे कदमसर भेटले आणि जीव भांड्यात पडला. काटकुळे, गळ्यात शिट्टी, आवाज मात्र एस.टी.च्या हॉर्नसारखा. पहिलंच वाक्य: "पाण्यात कुणीही उतरायचं नाही. वाचवायला उतरतो, तोच दुसरा बुडतो. आधी हाक, मग काठी, मग दोरी. सगळं काठावरून." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्याबरोबर वाडीतली चार मुलं आणि दोन शिक्षक होते. वहिनींनी लाइफ जॅकेट घालून आधी फोटो काढून घेतला आणि नारंगी सोडून दुसरा रंग मिळेल का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोरी. एका पिशवीत वीस मीटर दोरी भरलेली असते. तिचं एक टोक हातात धरायचं आणि पिशवी फेकायची. बुडणाऱ्याने दोरी छातीशी धरून पाठीवर पडायचं, अंगाला बांधायची नाही; अडकली तर तीच बुडवते. मी सगळी ताकद लावून फेकली. टोकासकट. पिशवी नदीबरोबर निघून गेली.

"मॅडम," सर म्हणाले, "आता तुमच्या हातात काय राहिलं?"

"काही नाही."

"बुडणाऱ्याच्याही हातात तेच."

दुसरी फेक आंब्यात अडकली. तिसरी सरांच्या हेल्मेटवर बसली. हेल्मेट का घालतात ते मला तेव्हा समजलं. वहिनींची मात्र पहिलीच फेक, जॅकेट घालून डोहात बुडणाऱ्याचं सोंग करत तरंगणाऱ्या वाडीतल्या मुलाच्या बरोब्बर छातीवर. सर चाट पडले. "कुठे शिकलात?"

"तिसऱ्या मजल्यावर राहते. तीस वर्षं गॅलरीतून किल्ली फेकतेय."

फेकायला वहिनी आणि मागे जमिनीवर फतकल मारून त्यांना धरून ठेवायला मी, अशी आमची जोडी ठरली. वजनाचा उपयोग होतो, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदी लाल झाली होती आणि पाण्यात पानं, काटक्या वाहत येत होत्या. "वर पाऊस झालाय, सराव बंद," सर म्हणाले आणि सामान आवरायला लागले. जॅकेटं अंगात, दोरीची एक पिशवी हातात, अशा आम्ही दोघी फरशीजवळ उभ्या केलेल्या गाडीकडे निघालो. फरशी म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, बिनकठड्याचा. त्यावरून पाणी चाललं होतं. पलीकडून एक गृहस्थ स्कूटरवर आले. पायाशी टोपली, टोपलीत कोंबडा.

"दादा, थांबा! येऊ नका!" मी ओरडले.

"रोजचा रस्ता हाय माजा! गुडग्याएवडं पन पानी नाय!" म्हणत त्यांनी गाडी घातली.

मध्यावर स्कूटर बंद पडली, मग आडवी झाली आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली गेली. ते कडेच्या दगडी खांबाला मिठी मारून राहिले. टोपली तरंगत निघाली, आतून कोंबड्याचा आकांत.

मी जॅकेटला अडकवलेली शिट्टी फुंकत सुटले. वहिनी काठाने, पाणी वाहत होतं त्या बाजूला, फरशीच्या थोड्या खाली गेल्या, मी मागे बसून त्यांचं जॅकेट दोन्ही हातांनी धरलं. हात उचलून त्या सवयीने ओरडल्या, "किल्ली घ्याऽऽ!"

"कसली किल्ली?" तशा अवस्थेतही त्या माणसाने विचारलं, आणि दोरी त्याच्या खांद्यावर पडली. तो ती कमरेला बांधायला लागला.

"बांधू नका!" माझा आवाज कुठून आला मला माहीत नाही. "छातीशी धरा, पाठीवर पडा, पाय पुढे, सोडा खांब!"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सोडला.

असा हिसका बसला की मी चिखलातून हातभर पुढे घसरले. वाटलं, आता तिघंही जाणार. टाचा रोवल्या. दोरी ताणली गेली आणि तो माणूस वळण घेत काठाला, झुडपात येऊन लागला. सर धावत पोचले तेव्हा तो उलटी करत होता, मी रडत होते आणि सुमनवहिनी दोरी परत पिशवीत भरत होत्या.

"वरच्या बाजूला नजर ठेवायला कोण होतं?" सरांनी विचारलं. "ओंडका आला असता तर? मार्क कापले." मग त्यांनी स्वतःच्या हाताने आम्हाला चहा दिला.

खालच्या अंगाला अडकलेली टोपली मुलांनी बांबूने ओढली. कोंबडा जिवंत, फार चिडलेला. त्या गृहस्थांनी माझ्या फोनवरून सासरी कळवलं, "कोंबडा पोचतोय. गाडी नाय पोचत." मग फोन कानापासून लांब धरला. पलीकडून माहेरी गेलेली बायको बोलत होती.

जाणार असाल तर बांधता येतील असे बूट न्या, चपला पहिल्या तासात जातात. कपड्यांचे चार जोड न्या. जाहिरात पूर्ण वाचा.

घरी येऊन महिना झाला. पाण्याची भीती गेलेली नाही, उलट आता ती नीट समजते. परवा पावसात पुलाखालच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं. नवरा म्हणाला, "निघेल गं, एवढंसं तर आहे."

"गाडी वळव," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वळवली. पाऊण तासाचा वळसा पडला, सगळा वेळ तो कुरकुरत होता. मी खिडकीबाहेर बघत ते सगळं मजेत ऐकून घेतलं.