पहिलीच्या बाईंचे दात

“माझ्या तोंडाकडं बघ. जीभ कुठं टेकली?” पहिलीतल्या एखाद्या मुलाची हनुवटी बोटानं वर उचलून बाई विचारायच्या आणि स्वतःचं तोंड मोठं उघडायच्या. पोशेऱ्याकडच्या आमच्या शाळेतल्या मुलांची घरची बोली वेगळी. पुस्तकातली मराठी त्यांना नवी. बाई ती अशी तोंड दाखवून शिकवत. मी शेजारी दुसरीच्या वर्गावर होते. त्यांची मुलं पुढं माझ्याकडंच यायची, स्वच्छ बोलत.

आम्ही दोघी जव्हारच्या. मी एसटीनं जायचे, त्या स्कूटीनं. एका सकाळी वळणावर पसरलेल्या खडीवरून त्यांची गाडी घसरली आणि तोंड थेट कठड्याच्या दगडावर आपटलं. पुढचे दात तिथंच पडले. उरलेले मुळाशी मोडले होते, जबडाही फुटला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी सगळे काढले. बाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

जबडा जुळल्यावर भेटायला गेले, तर त्यांच्या सासूबाई नागलीची भाकरी दुधात कुस्करत होत्या. “जीव वाचला, हे काय कमी आहे?” त्या मला म्हणाल्या.

बाईंनी वाटी सरकवली. “येणारा प्रत्येक जण हेच सांगतो,” त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. मला शब्दच कळले नाहीत. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्या ओरडल्याच.

तुम्हीही अशा माणसाला सल्ले दिले असतील. आम्ही सगळ्यांनी दिले. कुणाची आजी म्हणे कवळी लावून ऊस खायची, कुणाचे मामा भजन म्हणायचे. बाईंची कवळी मात्र बसेना. हिरड्या आवळल्या की ती सैल व्हायची, आणि डॉक्टर म्हणायचे, थोडं थांबा. मधल्या सुट्टीत त्या आमच्याकडं पाठ करून वरणभात गिळायच्या. एकदा कवळीखाली शीत अडकलं, तसा त्यांनी डबाच आपटला. “चावायचंय मला! काहीतरी कडक चावायचंय!”

आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो.

मुख्याध्यापकांनी सुचवलं, “मॅडम, तुम्ही चौथी घ्या. तुमच्या सोयीसाठीच म्हणतोय.”

“माझी सोय मला कळते, सर.” त्या पहिलीवरच गेल्या.

मग ‘स’ आला. बाईंनी ‘स’ म्हटला आणि सैल कवळीतून शिट्टी निघाली. मुलं त्यांचं तोंड नीट बघत होती. त्यांना सवयच तशी लावलेली. साऱ्या वर्गानं शिट्टीसकट ‘स’ म्हटला.

“असं नाही. स.”

पुन्हा शिट्टी, आणि पाठोपाठ वर्गाची. कुणी चिडवत नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं. भिंतीअलीकडं माझी मुलं मात्र हसायला लागली.

मी बाहेर आले. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, कवळी रुमालात. त्यांच्या वर्गातली एक मुलगी मागोमाग आली होती. तिचेही पुढचे दोन दात पडलेले.

“बाय, तुमचं पन पडलं?”

“हो.”

“मंग कौलांवर फेका. मी फेकलं. नवं येतात.”

“माझे नाही येणार.”

“येतात ना!”

बाईंनी वाकून तिचा ओठ जरा वर केला. हिरडीतून नव्या दाताचं टोक डोकावत होतं. “तुझा आलाय,” त्या म्हणाल्या, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून मुख्याध्यापकांकडं गेल्या. “पहिली हिला द्या,” माझ्याकडं न बघता म्हणाल्या. चौथीला त्या गणित शिकवायच्या, फळ्यावर लिहून, मोजकंच बोलून. चांगलं शिकवायच्या. पण पहिलीचा वर्ग घेताना मी कधी दारात दिसले, तर त्या वाट बदलून जायच्या.

पुढं त्यांनी नाशिककडं बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी शाळेच्या पायरीवर फोटो काढला. फोटो काढणारे सर म्हणाले, “मॅडम, जरा हसा.”

“नाही हसणार,” बाई म्हणाल्या.

तो फोटो ऑफिसात लावलाय. आम्ही सगळे दात काढून हसतोय. मधोमध बाई, ओठ घट्ट मिटून, सरळ समोर बघतायत.